मालिकेतल्या सोफ्याचा तिटकारा

मित्रांनो, मी एक जुना सोफा आहे आणि तुम्ही मला ओळखता. मांडीवर ताट घेऊन तुम्ही मला वर्षानुवर्षे पाहिले आहे. लाल मखमल, सोनेरी दोरीची किनार, पाच माणसे ऐसपैस बसतील एवढी लांबी. ज्या विनोदी मालिकेत मी होतो तिचे नाव मी सांगणार नाही. सांगितले तर तुम्ही लगेच तिचे शीर्षकगीत गुणगुणायला लागाल, आणि ते पुन्हा ऐकायची माझी तयारी नाही.

माझा जन्म एका स्टुडिओच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. सुतार माझ्या पाठीला मखमल लावायला निघाला तेव्हा त्याला सांगण्यात आले, "पाठ राहू दे. कॅमेरा मागे जात नाही." म्हणून माझी पाठ म्हणजे नुसते उघडे प्लायवूड. बैठक मात्र मुद्दाम उंच केली, कारण मालिकेतल्या बायकांना सारखे उठावे लागणार होते. हे मला पहिल्याच दिवशी कळले आणि त्या दिवसापासूनच माझे मन विटले.

मालिकेत एक नवरा होता. तो माझ्या उजव्या कोपऱ्यात बसून वर्तमानपत्र वाचत असे. एक बायको होती, तिला सगळे वहिनी म्हणत. ती स्वयंपाकघराच्या दारातून ट्रे घेऊन येई. त्या दारामागे स्वयंपाकघर नव्हते बरे का! एक स्टूल होते आणि रिकामे कप होते. इतक्या वर्षांत वहिनी माझ्या बैठकीवर कधी नीट टेकली नाही. फार तर नवऱ्याच्या बाजूला माझ्या हातावर बसे, तेही त्याच्याकडून नवी साडी उकळायची असेल तेव्हा. तिची पोळी जळे, हशा होई. ती माहेरी जायची धमकी देई, हशा होई. नवरा आनंदाने नाचे, आणखी मोठा हशा होई. एका भागात नवऱ्याने स्वयंपाक केला. त्याच्या नाकाला पीठ लावले, दारातून धूर सोडला आणि बस्स, भाग तयार झाला.

एका भागात वहिनी गाडी शिकली. दोन माणसांनी उभी गाडी धरून हलवली आणि ती आत बसून किंचाळली. मग नवऱ्याने देवाला हात जोडले. हे काम करणारी नटी रोज सकाळी ठाण्याहून स्वतः गाडी चालवत यायची. घोडबंदरच्या गर्दीतून ती वेळेवर पोहोचायची, आणि पोहोचल्यावर गाडी न येणाऱ्या बाईचे सोंग करायची. तिलाही ते विनोदी वाटत नसावे. निदान ती कधी हसलेली मी पाहिली नाही.

हसायचे काम माणसांकडे नव्हतेच. विनोद झाला की सगळे नट क्षणभर थांबत. तेवढ्या जागेत नंतर यंत्रातला हशा भरला जाई. त्या थांबण्यात मला फक्त लाइटवाल्याची जांभई ऐकू येई. खोलीत कोणी हसत नसे आणि घरी बसून तुम्ही हसत होता. मला तुमचा राग यायचा. अजूनही येतो.

आता धाकट्याचे सांगतो. हा नवऱ्याचा भाऊ, मालिकेतला प्रेमवीर. त्याला दर महिन्याला नवी मुलगी आवडे. ती 'नाही' म्हणे. तो दुसऱ्या दिवशी फुले घेऊन तिच्या दारात उभा. ती दार लावून घेई, तो कान पकडून गुडघ्यावर बसे. ती चिडे, तो म्हणे, रागात तू आणखी छान दिसतेस. शेवटी ती लाजून हसे, कारण लेखकाला भाग संपवायचा असे. पण एखादी मुलगी आपणहून धाकट्याच्या मागे लागली, तर ती हमखास जाडी आणि चष्मेवाली असायची, आणि ती नुसती दारात दिसली तरी हशा भरत. त्याने पाठलाग केला की प्रेम आणि तिने केला की चेष्टा. हे लिहिणाऱ्याला चांगला पगार होता आणि वर्षाला एक बक्षीसही मिळायचे.

मग एक दिवस मालिका बंद पडली. सेट मोडला. नागावच्या एका रिसॉर्टवाल्याने मला हौसेने विकत घेतले, पण टेम्पोतून उतरवताना त्याने माझी उघडी पाठ पाहिली आणि तोंड वाकडे केले. "हे असले नको," म्हणाला. टेम्पोवाल्या दिनानाथने मला उतरवले नाही. तो मला तसाच रेवसच्या रस्त्यावरच्या आपल्या गावी घेऊन आला आणि भिंतीला पाठ लावून बाहेरच्या खोलीत ठेवले. भिंतीला लावल्यावर मला काहीच कमी नव्हते.

त्या घरात मी पहिल्यांदा खरी माणसे पाहिली. दिनानाथची बायको सत्यवती धवलारीण आहे. आगरी लग्नात हळदीपासून मांडवापर्यंतचे विधी गाणी म्हणत जी बाई पार पाडते, ती धवलारीण. लग्नसराईत सत्यवतीला श्वास घ्यायला सवड नसते. कधी पेण, कधी उरण, दोन-दोन दिवस ती घरी नसते. नवरदेवाचा बाप कितीही मोठा ट्रकमालक असो, ती म्हणते तेव्हा तो उठतो आणि ती म्हणते तेव्हा बसतो.

घरचा स्वयंपाक दिनानाथ करतो. तरुणपणी तो बार्जवर खलाशांचे जेवण रांधत असे. तो पहिल्यांदा हातात डाव घेऊन बाहेर आला तेव्हा मी सवयीने थांबलो. आता हशा होणार! कोणीच हसले नाही. सत्यवतीने नुसते विचारले, "मीठ टाकलंस का रं?" तो "व्हय" म्हणाला आणि आत गेला. मित्रांनो, मला त्या दिवशी फार बरे वाटले.

त्यांची मुलगी जागृती. बापाच्या पाठीचे दुखणे वाढल्यावर टेम्पो तिने हातात घेतला. पहाटे ती बोटींसाठी बर्फ घेऊन रेवसच्या जेटीवर जाते, हंगामात पांढऱ्या कांद्याच्या माळा पनवेलला पोचवते. घरी आली की चावी खिळ्याला अडकवून माझ्यावर आडवी होते. अख्खी आडवी, पाय माझ्या हातावर टाकून. मला तिचे वजन आवडते.

जेटीवरच तिची निकेतशी ओळख झाली. हा करंजाचा, पलीकडच्या काठावरचा. एका मालवाहतूक कंपनीत कारकून. लाँचने येताना-जाताना तिला बर्फ उतरवताना पाहायचा, मग हळूहळू स्वतःही लाद्या उतरवू लागला. टेम्पोच्या पुढच्या सीटवर बसून दोघे दिनानाथने दिलेला डबा खात. घरीही तो तीन-चारदा आला. माझ्यावर बसून त्याने दिनानाथच्या हातचे कालवण बोटे चाटून खाल्ले आणि म्हणाला, "बाबा, मला पन शिकवा." जागृतीला तो आवडला होता. तिला आवडला म्हणून मलाही आवडला. धाकट्याच्या जातीतला हा नाही, असे मला वाटले होते.

मग लग्नाची बोलणी करायला निकेतची आई आणि मामा येणार असे ठरले. आदल्या दिवशी निकेतचा फोन आला. जागृती माझ्यावरच बसली होती, फोन तिने सगळ्यांना ऐकू येईल असा धरला होता.

"टेम्पोचं नाव उद्या काढू नका हां," तो म्हणाला. "मामा जुन्या वळणाचे हायेत. आणि जेवन तूच केलंस असं सांग. नंतर हसत-हसत सांगून टाकू ना आपन सगळं."

नंतर हसत-हसत! मला हे वाक्य पाठ होते. मालिकेत एक खोटे बोलायचे, ते लपवायला दुसरे बोलायचे आणि शेवटी सगळ्यांनी माझ्यावर एकमेकांच्या अंगावर पडून हसायचे, असे कितीतरी भाग माझ्यावर झाले होते. मला किळस आली.

जागृती म्हणाली, "मला न्हाय पटत."

पण सत्यवती घाबरली होती. जी बाई गावभर लग्ने लावते तिच्या घरची मुलगी बिनलग्नाची आहे, हे तिला मांडवामांडवात ऐकून घ्यावे लागायचे. टेम्पोचे नाव काढताच आधीची दोन स्थळे गेली होती. "एका दुपारचा प्रश्न हाय, बाय," ती म्हणाली. "तुला पोरगा आवडतो ना? मंग?" जागृतीने बापाकडे पाहिले. दिनानाथ म्हणाला, "तुजी खुशी ती माजी." शेवटी ती कबूल झाली. टेम्पो शेजारच्या वाडीत नेऊन लावला. खिळ्यावरची चावी सत्यवतीने डब्यात टाकली.

पाहुणे आले. निकेतची आई गरीब स्वभावाची बाई होती, माझ्या कडेला अंग चोरून बसली. मामाने मात्र मला पाहताच टाळी वाजवली. "अरे, ह्यो तर त्या मालिकेतला सोफा!" तो थेट उजव्या कोपऱ्यात घुसला, नवऱ्यासारखा पाय पसरून बसला आणि आतल्या दाराकडे तोंड करून ओरडला, "अगं ए, पोळी जाळलीस काय?" आणि थांबला. मित्रांनो, तो खरोखर थांबला. हशाची जागा सोडून बसला! आणि सगळे हसले. निकेत सर्वांत आधी हसला.

दिनानाथने त्या दिवशी जिताडा माशाचे कालवण केले होते. एवढा मोठा जिताडा मिळवायला तो पहाटेच बाहेर पडला होता. सोबत तांदळाच्या भाकऱ्या, एकेक भाकरी पापुद्रा सुटलेली. जागृतीने ताटे बाहेर आणली. मामाने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "वा! पोरीच्या हाताला चव हाय."

सत्यवती म्हणाली, "लहानपनापासून सगलं तीच करते." हे म्हणताना तिने मान खाली घातली होती.

तेवढ्यात दिनानाथ आणखी कालवण घेऊन दारात आला. कपाळावर घाम, बोटे हळदीने पिवळी. मामा खदखदला. "काय व्याही, हातात डाव? बायकोनं कामाला जुंपलं वाटतं!"

पुन्हा हशा. दिनानाथचा चेहरा मी पाहिला. बार्जवर वादळात सगळ्यांना गरम भात वाढणारा हा माणूस, आणि तो म्हणाला, "न्हाय न्हाय, मी आपला भांडी उचलत व्हतो. पोरीनंच केलंय." त्याने डाव पाठीमागे लपवला. मला त्या क्षणी मामाच्या बुडाखालून निघून जाता आले असते तर मी गेलो असतो.

निकेतला सगळे ठाऊक होते. त्याने पाणी प्यायले आणि तोही हसला.

मामाला आता रंग चढला. "येताना जेटीच्या रस्त्याला एक बाय रिक्षा चालवत व्हती," तो म्हणाला. "मी बोललो, निकेत, कडेला हो. बाईच्या हातात स्टेरिंग दिलं का देव बी रस्ता सोडून बांधावर जाऊन हुबा रहातो!"

आणि थांबला.

निकेत पोट धरून हसला. जागृती समोर उभी होती, हातात भाकऱ्यांची परात. ती त्याच्याकडेच बघत होती. पहाटेच्या अंधारात तिच्या शेजारच्या सीटवर बसून जेटीपासून आपल्या कंपनीपर्यंत डुलक्या काढत गेलेला हाच मुलगा.

मामाने परातीतली भाकरी उचलली. "सूनबाय, कालवनाला आंबट काय घातलंस? आमसूल का चिंच?"

जागृतीने परात खाली ठेवली. मग ती आली आणि निकेतच्या शेजारी, माझ्या मधोमध, मांडी घालून बसली. "मला न्हाय माहीत, मामा," ती म्हणाली. "माझ्या बाबांना विचारा. त्यांनी केलंय. मला भाकरी थापता येत न्हाय. मी टेम्पो चालवते, जेटीवर बर्फ टाकते. आमच्या घरात हे असंच हाय आणि निकेतला हे पयल्यापासून माहीत हाय."

सगळ्यांनी निकेतकडे पाहिले. त्याच्या आईनेही, आणि तिच्या नजरेत राग नव्हता. एक वाक्य बोलला असता तरी पुरे होते. मालिकेतला धाकटा या ठिकाणी निदान एखादे गाणे म्हणाला असता.

निकेत म्हणाला, "मला... म्हंजे एकदा बोलली व्हती ती. मला वाटलं मस्करी करते."

कोणी हसले नाही. मामाने उचललेली भाकरी परत परातीत ठेवली.

"मस्करीतला डबा खाल्लास काय मंग?" जागृतीने विचारले. ती त्याच्या आईकडे वळली. "काकी, तुमी जेवून घ्या. तुमच्यावर माझा राग न्हाय. पन मला हे लगीन करायचं न्हाय." मग पुन्हा निकेतला, हळूच, "तुला कळलं ना? न्हाय."

पाहुणे गेल्यावर सत्यवती रडली. आधी चिडून रडली, मग नुसतीच. "हसला त्यात काय झालं?" ती म्हणाली. "सगलीच हसतात. मालिका बघताना तूबी हसतेस."

हे खरे होते. जागृतीने ते कबूल केले. मग तिने विचारले, "आये, तू मांडवात पोरींचे हात धरून लगनं लावतेस. बाबा हातातला डाव लपवत व्हते, तवा जो हसला, त्याच्या हातात माझा हात देशील?"

सत्यवतीने डोळे पुसले. "काल दिला असता," ती म्हणाली. "आता न्हाय." तिने उठून डब्यातली चावी काढली आणि खिळ्याला अडकवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी निकेत दारात उभा होता. हातात पेढ्यांचा बॉक्स, त्यावर एक लाल गुलाब. बॉक्स उंबऱ्यावर ठेवून त्याने दोन्ही कान पकडले आणि गुडघ्यावर बसला. माझ्या अंगावर काटा आला असता, पण मला फक्त मखमल आहे.

जागृती दुपारच्या फेरीचा बर्फ भरलेला टेम्पो रस्त्यावर उभा करून घोटभर पाण्यासाठी आत आली होती. ती म्हणाली, "निकेत, काल न्हाय बोलले. आज पन तेच हाय."

तो गोड हसला. "रागात काय दिसतेस तू!" आणि थांबला.

जागृतीने पेला खाली ठेवला. "बर्फ विरघळतोय," ती म्हणाली आणि त्याला वळसा घालून निघून गेली. टेम्पो सुरू झाल्याचा, मग लांब गेल्याचा आवाज आला. निकेत आत आला आणि माझ्या उजव्या कोपऱ्यात बसला. दिनानाथ आतून बाहेर आला तेव्हा तो म्हणाला, "येईल ती, बाबा. रागावल्या की बायका असंच करतात."

दिनानाथने आत जाऊन ताट वाढून आणले. भात आणि कालचेच उरलेले कालवण, जे शिळे झाले की अधिक मुरते. ताट निकेतच्या पुढ्यात ठेवले आणि समोर स्टुलावर बसला. "जेव."

निकेत जेवला. भूक लागली होती, भराभर जेवला. शेवटचा घास घेऊन तो मोठ्याने म्हणाला, "बाबा, तुमच्या हातासारखं कालवन मी कुठं खाल्लं न्हाय. खरंच."

"काल बोलायचं व्हतंस," दिनानाथ म्हणाला.

निकेतचा हात ताटातच राहिला. दिनानाथने ते ताट उचलले, त्याला हातावर पाणी घातले, पुसायला पंचा दिला. मग पेढ्यांचा बॉक्स त्याच्या हातात परत ठेवला. "जेवलास, आता जा. पोर न्हाय बोलली हाय. परत या दारात येव नको." निकेत वळून वळून पाहत रस्त्यापर्यंत गेला, आणि तो वळणाआड होईपर्यंत दिनानाथ दारात उभा होता.

मित्रांनो, माझे आता वय झाले. मखमल विरली, एका कोपऱ्यातला स्पंज बाहेर आला आहे. मला ऊन दाखवा, झटका, नाहीतर पावसात टाका, माझी काही तक्रार नाही. मागणे मागतो ते तुमच्या घरातल्या माणसांसाठी. बाप रांधत असेल तर पाहुण्यांसमोर त्याला डाव लपवायला लावू नका. लेकीच्या हातात स्टेरिंग असेल तर चावी डब्यात टाकू नका. आणि जी 'नाही' म्हणाली तिच्या दारात दुसऱ्या दिवशी गुलाब घेऊन गुडघ्यावर बसू नका. कोणीही हसणार नाही. उठा, आणि आपल्या घरी जा.